आत्मनेपदी पेरुंगुडी

चेन्नईला बदली झालेल्या मराठी माणसाला तमिळ येत नाही, यात कुणाला नवल वाटत नाही. तो स्पॅनिशच्या क्लासला जातो म्हटल्यावर मात्र घरून फोन येतो. "अरे, आधी तिथली भाषा शिक की!" आईचं म्हणणं रास्तच असतं. पण पेरुंगुडीत तमिळवाचून महिना निघतो. भाजीवाला आकडे इंग्रजीत सांगतो, रिक्षावाला सिनेमातली हिंदी बोलतो आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणीच काही बोलत नाही. मेक्सिकोतला ग्राहक मात्र स्पॅनिशच बोलतो, आणि पगाराचा उगम त्याच्याकडे असतो.

पेरुंगुडी हे चेन्नईच्या दक्षिणेचं एकेकाळचं खेडं. ज्या रस्त्याला सरकार राजीव गांधी सालै म्हणतं आणि बाकी सगळे ओ. एम. आर. म्हणतात, त्या रस्त्याच्या कडेने संगणक कंपन्यांचे मनोरे उभे राहिले आणि 2011 साली गाव महानगरपालिकेत गेलं. जवळच पळ्ळिकरणैची पाणथळ आहे. तिला 2022 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. तिच्याच काठावर शहराचा अवाढव्य कचरा डेपोही आहे. रोहित पक्षी आणि कचऱ्याचे डोंगर एकाच चौकटीत बघायची सवय झालेल्या माणसाला स्पॅनिश व्याकरणाचे धक्के बसायला नकोत. पण बसतात, आणि तेही अंथरुणातून उठण्याच्या धड्यात.

नवशिक्यांच्या बहुतेक पुस्तकांत सुरुवातीच्या धड्यांतच 'ला रुतीना दियारिया', म्हणजे दिनचर्या येते. तोवर सगळं सुरळीत असतं. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबीर म्हणजे राहणे. मग पुस्तकातले एक गृहस्थ सकाळी उठतात आणि उठता उठता क्रियापदाला शेपूट लावतात. जाग येते ती देस्पेर्तार्से, उठतात ते लेवान्तार्से, शॉवर घेतात तो दुचार्से, दाढी करतात ती आफेइतार्से, कपडे घालतात ते बेस्तिर्से, भांग पाडतात तो पेइनार्से. शेपटाचं नाव 'से'. 'मी' आला की त्याचा 'मे' होतो, 'तू' आला की 'ते', 'आम्ही' आलो की 'नोस'. स्पेनमध्ये 'तुम्ही'साठी 'ओस' म्हणून आणखी एक असतो. तो लॅटिन अमेरिकेने केव्हाच सोडून दिला, आणि एवढ्या एका कारणासाठी पेरुंगुडी मेक्सिकोची ऋणी आहे.

'मे लेवान्तो' म्हणजे मी उठतो. इथवर ठीक. पण क्लासमधलं पुस्तक इंग्रजीत असतं, आणि इंग्रजी पुस्तक या क्रियापदांची फोड 'मी स्वतःला उठवतो' अशी करतं. 'मे यामो अमुक' म्हणजे माझं नाव अमुक; त्याची फोड 'मी स्वतःला अमुक अशी हाक मारतो'. एकाच माणसाने स्वतःला जागं करायचं, स्वतःला उठवायचं, स्वतःला न्हाऊ घालायचं, स्वतःला कपडे चढवायचे आणि शेवटी स्वतःलाच हाक मारायची. हा गृहस्थ घराचा मालक आहे की स्वतःचाच नोकर, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. तो विचारत नाही, कारण फी भरलेली असते. मग धास्तीने तो दिसेल त्या क्रियापदाला 'से' लावत सुटतो. मी काम करतो याचं 'मे त्राबाखो' करतो. काम हे साधं क्रियापद आहे. तिथे स्वतःवर काही कोसळत नाही. निदान व्याकरणात तरी.

त्यात मेक्सिकोचं घड्याळ चेन्नईच्या साडेअकरा तास मागे. तिकडे सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा पेरुंगुडीत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्यामुळे मेक्सिकोच्या पाळीतला माणूस 'मी सकाळी सहाला उठतो' हे वाक्य परीक्षेत लिहितो ते व्याकरण म्हणून. सहाला तो घरी पोचून झोपायच्या बेतात असतो.

दुचार्सेची आणखी एक गंमत आहे. चेन्नईच्या न्हाणीघरांत स्पेन क्लासच्या आधीच पोचलेलं आहे. बार्सिलोनाजवळ 1917 साली सुरू झालेली रोका ही कंपनी चेन्नईच्या पॅरीवेअरमध्ये आधी भागीदार म्हणून आली आणि पुढे तिने पॅरीवेअर घेऊनच टाकली. म्हणजे ज्या बेसिनपुढे उभं राहून विद्यार्थी 'मे आफेइतो' घोकतो, त्याची मालकी बऱ्याचदा स्पॅनिशच असते. पाणी तेवढं इथलं. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले, ओ. एम. आर. वरच्या कंपन्यांनी लोकांना घरूनच काम करायला सांगितलं, आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत पेरुंगुडीत 'मे दुचो' हे विधान फक्त व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होतं.

खरा घोळ विद्यार्थी पुण्याहून माद्रिदला लंडनमार्गे जातो, यात आहे. मराठीतून सरळ गेला तर वाट जवळची आहे.

मराठीत उठणे आहे आणि उठवणे आहे. बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे, भिजणे-भिजवणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, जळणे-जाळणे. मराठी माणसाला यातलं कुणी शिकवलेलं नसतं. तो पाळण्यातून हे ऐकत आलेला असतो. आपल्याकडे साधं क्रियापद स्वतःपुरतं असतं आणि दुसऱ्याला कामाला लावायचं तर त्यात काहीतरी बदल करावा लागतो. स्पॅनिश उलट्या टोकाने सुरुवात करतं. तिथे लेवान्तार म्हणजे उठवणे आणि लेवान्तार्से म्हणजे उठणे. सेन्तार बसवणे, सेन्तार्से बसणे. आकोस्तार झोपवणे, आकोस्तार्से आडवं होणे. मोखार भिजवणे, मोखार्से भिजणे. रोम्पेर तोडणे, रोम्पेर्से तुटणे. दुसऱ्याला त्रास देणारं क्रियापद मूळचं, आणि 'से' लागला की ते निवळतं. एवढं एकदा ध्यानात आलं की 'स्वतःला उठवतो' हा आरसा फोडून टाकता येतो. मे लेवान्तो म्हणजे उठतो. संपलं.

हात धुण्याचंही तसंच. इंग्रजीत 'माझे हात' धुवावे लागतात, म्हणून विद्यार्थी 'लाबो मिस मानोस' असं लिहितो आणि लाल शाईची रेघ ओढवून घेतो. स्पॅनिश म्हणतं, 'मे लाबो लास मानोस'. हात कुणाचे ते 'मे'ने सांगितलं, पुन्हा कशाला सांगायचं? मराठी तर 'मे'चीही गरज ठेवत नाही. "हात धुऊन ये" म्हटल्यावर शेजाऱ्याचे हात धुऊन आलेलं मूल अजून जन्माला यायचं आहे.

लग्नाच्या क्रियापदात ही व्यवस्था फारच खुलते. कासार म्हणजे लग्न लावणे. कासार्से म्हणजे लग्न करणे. पाद्री कासार करतो, नवरानवरी कासार्से करतात. पाद्रीबुवांनी चुकून 'से' लावला तर चर्चमध्ये खळबळ उडेल. शिवाय स्पॅनिशमध्ये लग्न 'कोन', म्हणजे कुणाशीतरी करायचं असतं. इंग्रजीत हा 'शी' नाही, म्हणून इंग्रजीतून आलेले विद्यार्थी तो हमखास गाळतात. मराठी माणूस 'तिला लग्न केलं' असं स्वप्नातही म्हणत नाही. या एका वाक्यात त्याला पैकीच्या पैकी मार्क आहेत, आणि ते कुणी त्याला सांगत नाही.

पाद्री आणि नवरा यांच्यातला हा फरक पाणिनीला ऐकवला असता तर त्याने मान डोलावली असती. संस्कृतात क्रियेचं फळ कर्त्याच्या पदरात पडत असेल तर काही धातू आत्मनेपद घेतात आणि दुसऱ्यासाठी क्रिया असेल तर परस्मैपद. नावांतच सगळं आलं: स्वतःसाठीचं पद आणि दुसऱ्यासाठीचं पद. यज्ञ करणारा पुरोहित 'यजति', कारण फळ दुसऱ्याचं. ज्याच्या घरी यज्ञ आहे तो 'यजते'. यजमान हा शब्दच त्या आत्मनेपदातून आलेला आहे. महाराष्ट्रात शेकडो मुलांनी दहावीला संस्कृत घेतलं ते मार्क चांगले पडतात म्हणून, आणि लभते-वन्दते पाठ करून परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून टाकलं. त्यांतला एखादा बारा-पंधरा वर्षांनी पेरुंगुडीत स्पॅनिशच्या धड्यापुढे बसतो तेव्हा त्या धड्याची अर्धी फी त्याने शाळेतच भरलेली असते. स्पॅनिश 'से' आणि संस्कृत 'स्व' लांबचे भाऊबंद आहेत हेही खरं आहे. अर्थात सगळं तंतोतंत जुळत नाही. भाऊबंदांत कधी जुळलंय?

दिनचर्येच्या धड्यातल्या त्या सहा-सात क्रियापदांसाठी मराठीत आणखी एक सोय आहे, आणि तिला जगात तोड नसावी. आवरणे! दात, अंघोळ, दाढी, कपडे, भांग, पावडर हे सगळं 'आवरलं का?' या दोन शब्दांत येतं. न्हाणीघराच्या दाराबाहेरून हे दोन शब्द ओरडणाऱ्या आईला स्पॅनिशमध्ये पूर्ण पान लागलं असतं. स्पॅनिशमध्ये त्याच्या जवळ जाणारं क्रियापद आर्रेग्लार्से. आर्रेग्लार म्हणजे नीट लावणे, दुरुस्त करणे; 'से' लागला की माणूस स्वतःला नीट लावतो, म्हणजे आवरतो. दुपारचं वामकुक्षीचं क्रियापद तर जणू सदाशिव पेठेत घडवलेलं आहे. एचार म्हणजे टाकणे, एचार्से म्हणजे आडवं होणे. आपण 'जरा अंग टाकतो' म्हणतो, तेच. इंग्रजी पुस्तक इथे विद्यार्थ्याला सावध करतं की शब्दशः अर्थ घेऊ नका. मराठी विद्यार्थ्याने खुशाल घ्यावा.

दोर्मीर म्हणजे झोपणे आणि दोर्मिर्से म्हणजे झोप लागणे. रात्री आठ तास दोर्मीर करायचं असतं. मीटिंगमध्ये दोर्मिर्से होतं. मराठी याहून सज्जन आहे. मीटिंगमध्ये माणूस झोपतच नाही, त्याचा डोळा लागतो.

आता पेरुंगुडीबद्दल. आईचं म्हणणं रास्त होतं ते इथे कळतं. तमिळमध्ये 'कोळ्' नावाचं एक क्रियापद आहे, मूळ अर्थ घेणे. ते दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की क्रिया करणाऱ्याकडे वळते, आणि बोलण्यात त्याचं 'को' होतं. दुकानदार 'एडुत्तुक्कोंग' म्हणतो, म्हणजे घ्या, तुमच्यासाठी घ्या. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत संपली की 'वेच्चुक्कोंग', ठेवून घ्या. उभ्याने जाणाऱ्याला बसमध्ये 'पिडिच्चुक्को', धरून राहा. निरोप देताना 'पात्तुक्को', सांभाळून. मराठीत हेच काम 'घेणे' करतं: जेवून घे, लिहून घे, समजून घे. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत तर प्रत्येक कांदा चिरून घेतलेला आणि प्रत्येक मसाला परतून घेतलेला असतो. तंजावरच्या भोसल्यांबरोबर दक्षिणेत आलेल्या मराठी घरांत साडेतीनशे वर्षं हा 'घे' आणि तो 'को' एका छपराखाली नांदत आहेत. स्पॅनिशच्या 'से'ची शिकवणी पेरुंगुडीत दर बसथांब्यावर फुकट चालू असते आणि विद्यार्थी कानांत हेडफोन घालून तिच्या शेजारून क्लासला जातो.

इंग्रजी पुस्तकं जिथे हात टेकतात तो भाग पुढे येतो. कोमेर म्हणजे खाणे, मग कोमेर्से म्हणजे काय? स्वतःला खाणे? नव्हे. रोज सकाळी डोसा खातो, हे कोमेर. 'मे कोमी त्रेस दोसास' म्हणजे तीन डोसे खाऊन टाकले. बेबेर पिणे, बेबेर्से पिऊन टाकणे. मोरीर मरणे, मोरिर्से मरून जाणे. या 'से'वर इंग्रजी पुस्तक दीड पान लिहून शेवटी 'सवयीने जमेल' म्हणतं. मराठीत टाकणे, जाणे, घेणे ही तीन क्रियापदं दिवसभर हेच करत असतात.

ईर म्हणजे जाणे आणि इर्से म्हणजे निघणे, निघून जाणे. पार्टीतून उठताना स्पॅनिश माणूस 'मे बोय' म्हणतो आणि खरोखरच जातो. मराठी माणसाची इथे वेगळीच पंचाईत होते. निरोप घेताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे त्याच्या हाडीमांशी खिळलेलं. तमिळ माणसाचंही तसंच. तोही 'पोयिट्टु वारेन' म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. दोघांनाही 'मे बोय' अशुभ वाटतं. पुस्तकात यावर उपाय दिलेला नाही.

काही ठिकाणी मात्र जपून. मे सिएन्तो म्हणजे मी बसतो, आणि मे सिएन्तो म्हणजेच मला वाटतं. सेन्तार्से आणि सेन्तिर्से दोघांचं हे रूप एकच असतं. बरं वाटत नसताना 'मे सिएन्तो माल' म्हणावं. समोरचा खुर्ची पुढे करणार नाही. आणि स्पेनच्या ग्राहकाला आपण रोज सकाळी धावतो हे सांगायचं असेल तर कोरेर हे क्रियापद 'से' न लावता वापरावं. कारण विचारू नये.

'से'चं खरं कर्तृत्व मात्र काहीतरी बिघडतं तेव्हा दिसतं. कॉफीचा कप पडला तर इंग्रजी बोलणारा 'मी कप पाडला' अशी कबुली देतो. स्पॅनिश बोलणारा म्हणतो, 'से मे कायो'. कप पडला, आणि पडला तो माझ्या बाबतीत. 'मे' इथे आरोपी नसून पीडित आहे. पोळी करपली: से मे केमो. विसरायला झालं: से मे ओल्बिदो. आणि सर्वांत लाडकं 'से मे पासो', ज्याला मराठीत 'राहून गेलं' म्हणतात. ज्या भाषेत फायली गहाळ होतात, चुका होतात, नळ बंद पडतात आणि कामं राहून जातात, त्या भाषेच्या माणसाला हा प्रयोग शिकवावा लागत नाही. तो पहिल्याच ऐकण्यात अस्खलित येतो.

मेक्सिकोत या 'से'ला इतिहास आहे. 6 जुलै 1988 च्या रात्री अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे देणारी संगणक यंत्रणा मोजणी चालू असतानाच गप्प झाली. क्वाउतेमोक कार्देनास पुढे आहेत अशी हवा होती. शेवटी विजयी जाहीर झाले ते सत्ताधारी पक्षाचे कार्लोस सालिनास. 'से कायो एल सिस्तेमा', सिस्टिम पडली, हे शब्द तेव्हापासून मेक्सिकोत म्हणीसारखे झाले. पाडली कुणी, हे त्या वाक्यात बसतच नाही. मेक्सिकोतले लोक यावर कोटीही करतात, कारण तिथल्या उच्चारात 'पडली' आणि 'गप्प बसली' ही दोन्ही क्रियापदं कानाला सारखीच लागतात. त्यामुळे पेरुंगुडीतला कुणी इंजिनिअर मध्यरात्री मेक्सिकोच्या ग्राहकाला गंभीर आवाजात 'से कायो एल सिस्तेमा' म्हणाला आणि पलीकडून कुणी हसलं, तर त्याने आपले उच्चार सुधारायला घेऊ नयेत.

कर्त्याला घरी बसवणारा 'से' दर वेळी लपवाछपवीसाठीच असतो असंही नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्यलढ्याच्या पायी देशोदेशी फिरत 1924 च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिबेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं, तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रं घेतली. ज्या स्पॅनिशमध्ये मका शिकवला जातो, ती 'से'वर चालते: से सिएम्ब्रा, से रिएगा, से कोसेचा. पेरतात, पाणी देतात, काढणी करतात. कोण, ते पावसाला आणि जमिनीला ठाऊक. विदर्भातल्या माणसाला यात परकं काय वाटणार?

स्पेनमध्ये रिकाम्या घराच्या बाल्कनीवर 'से आल्किला' अशी पाटी असते. भाड्याने देणे आहे. पेरुंगुडीच्या गल्ल्यांत अशाच पाट्या दर दहा पावलांवर लटकतात, इंग्रजीत, फोन नंबरासकट. फोन लावला की घर शाकाहारी कुटुंबासाठी आहे, रात्रपाळीवाल्यांसाठी नाही, हे कर्त्याकर्मासह सविस्तर ऐकायला मिळतं.

क्लासचं पहिलं सत्र संपेपर्यंत विद्यार्थ्याला एवढं 'से' नक्की येतं की तो तक्रारीचं तिकीट बंद करताना 'से रेसोल्बियो एल प्रोब्लेमा' असं लिहू लागतो. प्रश्न सुटला. सोडवला असा दावा नाही, त्यामुळे परत उद्भवला तर जबाबदारीही नाही. मॅनेजर खूश होतो. तिकडे मोंतेर्रेइमधल्या ग्राहकाला सकाळी तो निरोप मिळतो, आणि तो जन्माने स्पॅनिश बोलणारा असल्यामुळे तिकीट ताबडतोब पुन्हा उघडतो.